कोवळ्या तोंडातला पहिला लगाम

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा त्यानंतर थोड्याच दिवसांत. तोवर आपल्या भंडारा जिल्ह्यात धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या झालेल्या असतात. घोड्याची हौस असलेला किंवा वरातीला घोडी देण्याचा व्यवसाय करणारा माणूस याच सुमारास दोन-अडीच वर्षांचं शिंगरू घरी आणतो. सौद्यात बहुतेकदा मोरकी, दोर आणि एखादा जुना लगामही मिळतो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो शिंगराच्या तोंडात चढवला जातो आणि पुढच्या वीस वर्षांचं नुकसान तिथे होऊन जातं. म्हणून हा लेख.

तो लगाम आधी हातात घेऊन बघा. तोंडात जाणाऱ्या लोखंडी भागाला रायडिंग क्लबातले लोक बिट म्हणतात. त्यावरून अंगठा फिरवा. खिळ्यासारखी टोकं, गाठी, करवतीसारखे दाते, पीळ दिलेली चौकोनी सळी, यांपैकी काहीही अंगठ्याला लागलं तर तो त्याच दिवशी भंगारात द्या. खुंटीला टांगून ठेवू नका; घरात असला की कधी ना कधी वापरला जातो. घोडा नाचवायला आणि मान कमानीसारखी धरायला लावायला असे काटेरी लगाम वर्षानुवर्षं वापरले गेले. पण तो घोडा नाचत नसतो. जिभेवरच्या आणि हिरडीवरच्या वेदनेपासून पळायला जागा नाही म्हणून तो जागच्या जागी पाय उचलत असतो. कायद्यानेही हे साहित्य चालत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतल्या आठव्या नियमात टोकदार काठीबरोबरच खिळे, गाठी किंवा बाहेर आलेली टोकं असलेली बिट आणि साज वापरायला स्पष्ट मनाई आहे, आणि हा नियम स्वारीच्या जनावरालाही लागू आहे. वरातीच्या व्यवसायातल्या माणसाने हे जरूर लक्षात ठेवावं. त्याचा घोडा रोज शंभर लोकांच्या डोळ्यांसमोर असतो.

आपल्याकडच्या हातांची एक सवय मात्र वेगळी मांडली पाहिजे. भंडाऱ्याचा हात बैलावर तयार झालेला हात आहे. गोऱ्ह्याला वेसण घालायची, कासरा धरायचा, चिखलणीला आणि ओढकामाला शिकवायचं, जमलं तर शंकरपटात उतरवायचं, हे इथे घरोघरी कळतं. वेसण नाकाच्या पडद्यातून जाते. बैल ओढीला जुंपलेला असतो, त्याच्या मानेवर जू असतं आणि कासऱ्याला जोर लागला तरी त्याचं चालणं बिघडत नाही. घोड्याचं तसं नाही. घोड्यावर माणूस बसतो, हातातला दोर थेट तोंडात जातो आणि स्वाराचा तोल गेला की तो सगळा भार त्या दोरावर येतो. कासरा ओढणाऱ्या हाताने लगाम ओढला तर चांगल्यातली चांगली बिटही काटेरी होते.

घोड्याच्या तोंडात पुढच्या कापणाऱ्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे एक मोकळी जागा असते. बिट तिथे बसते. खालच्या जबड्याचं हाड त्या जागी धारेसारखं निमुळतं असतं आणि त्यावर हिरडीचं पातळ अस्तर असतं, मांस नसतं. मधे जीभ असते, आणि ती तोंडात मोकळी पडून नसते, जवळपास सगळी जागा भरून टाकते. वर टाळू असतो. म्हणजे बिट रिकाम्या जागेत बसत नाही, ती जिभेला दाबूनच बसते. दाब हलका असेल तर जीभ तो पेलते आणि घोडा तोंड ओलं ठेवून, जबडा सैल सोडून चालतो. दाब जास्त झाला की तो जीभ मागे ओढतो, बिटवर चढवतो किंवा बाहेर लोंबू देतो, आणि मग सगळा जोर त्या पातळ हिरडीवर आणि तिच्याखालच्या हाडावर जातो. वारंवार मार बसला तर हाडावर गाठीसारखी वाढ होते. पुढे तो घोडा ‘तोंडाचा कडक’ म्हणून विकला जातो आणि नवा मालक आणखी जबर लगाम आणतो. बहुतेक कडक तोंडाचे घोडे जन्मतः तसे नसतात, माणसांनी तसे केलेले असतात. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

म्हणून बिट विकत घेण्याआधी तोंड तपासून घ्या. बैलाचं वय दातांवरून सांगणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. घोड्याचे समोरचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पण लगामाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी मागे घडतात आणि त्या ओठ उचलून दिसत नाहीत. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान पुढच्या दाढाही बदलतात. दुधाची दाढ टोपीसारखी पक्क्या दाढेवर अडकून राहते, हिरडी सुजते आणि त्याच आठवड्यात लगाम चढवला तर घोडा डोकं झटकतो. आपण त्याला हट्टी म्हणतो. शिवाय बऱ्याच घोड्यांना पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक लहानसा बिनकामाचा दात असतो, इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात. तो सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत उगवतो आणि नेमका बिटच्या वाटेत येतो. कधी तो हिरडीखालीच राहतो, बाहेर दिसत नाही, बोटाला मात्र गाठ लागते. असा दात लगाम लावण्याआधी डॉक्टरांकडून काढून घेतात. जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. नरांना चार-पाच वर्षांच्या दरम्यान सुळे येतात, तेव्हा पुन्हा काही दिवस तोंड हळवं असतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या. घोड्याच्या दाढा बघायला तोंड उघडं ठेवणारा खास चाप आणि गुंगीचं इंजेक्शन लागतं. तिथे ती सोय नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भंडाऱ्याहून ते तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. एका फेरीत दात, जंत, धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी एवढं करून घ्या. यात्रेतून आणलेल्या घोड्यासाठी ग्लँडर्सची तपासणी टाळण्यासारखी नाही, कारण हा रोग माणसालाही होतो. जाता जाता चाऱ्याबद्दल एक गोष्ट: आपल्याकडे तणस मुबलक, म्हणून घोड्यालाही नुसतं तणस टाकलं जातं. ते घोड्याच्या पोटाला चांगलं नाही. त्यात पोषण कमी आणि पोट बांधण्याची भीती जास्त. कोरड्या चाऱ्यातली कुसळं जिभेखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात रुतून व्रण पडतात, आणि दोष लगामाच्या नावावर जातो. तेव्हा तोंड तपासताना जिभेखालीही बघा.

दात ठीक आहेत, आता लगाम घ्यायचा का? अजून नाही. आधी मोरकीत शिकवा. दोरीला हलका ताण दिला की पाऊल पुढे, ताण सोडला की थांबणं, नाकावर दाब आला की एक पाऊल मागे, डावीकडे मान वळवणं, उजवीकडे वळवणं, ‘हो’ म्हटलं की उभं राहणं. थांबणं हे शिंगरू मोरकीत आणि आवाजावर शिकतं. ज्याला हे येत नाही त्याला लोखंडाने थांबवायला जाणं म्हणजे दुखवून थांबवणं. रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर महिन्या-दीड महिन्यात बहुतेक शिंगरं इथपर्यंत येतात. ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून जबर बिट शोधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की मोरकीवर परत जा. बिटचं काम सूचना पोचवण्याचं आहे. घाबरलेला घोडा सहा इंचांच्या लोखंडाने थांबत नाही, दुखलं की तो आणखी जोरात पळतो.

आता निवड. पहिल्या लगामासाठी साधं, गुळगुळीत स्नॅफल घ्या. स्नॅफलमध्ये दोर थेट तोंडातल्या दांड्याच्या टोकाच्या रिंगला बांधला जातो. हाताने जेवढा जोर लावला तेवढाच तोंडात पोचतो. याउलट ज्या बिटला खाली लांब दांड्या लोंबतात आणि हनुवटीखाली साखळी असते, ती कर्ब किंवा पेलम. त्यात तरफेचं तत्त्व असतं. दांडी जितकी लांब तितका हाताचा जोर कित्येक पटींनी वाढून जबड्यावर आणि कानामागच्या पट्ट्यावर जातो. वरातीच्या घोड्यांच्या तोंडात असे चकचकीत लांब दांडीचे लगाम फार दिसतात. तयार घोडा आणि तयार हात असेल तर त्यांना जागा आहे. शिंगराच्या तोंडात नाही.

स्नॅफलमध्येही प्रकार आहेत आणि इथे घाई करू नका. दांडा मधे एकाच ठिकाणी जोडलेला असेल तर दोन्ही दोर एकदम ओढल्यावर तो अडकित्त्यासारखा मिटतो आणि मधला सांधा टाळूकडे उठतो. टाळू सपाट आणि तोंड लहान असलेल्या घोड्याला हे टोचतं. दोन सांध्यांचा, मधे लहान गोलसर बदामी तुकडा असलेला दांडा जिभेवर जास्त सारखा बसतो. माझी पहिली पसंती त्यालाच. मात्र तो मधला तुकडा गोलसर हवा. काही बिटमध्ये तिथे चपटी पट्टी तिरकी बसवलेली असते, तिची कड जिभेत रुतते. ती घेऊ नका. अजिबात सांधा नसलेला, किंचित कमान दिलेला सरळ दांडाही काही घोड्यांना आवडतो, पण डावी-उजवी सूचना त्यातून तितकी वेगळी पोचत नाही.

रिंग कशी हवी यावरही बरंच ठरतं. मोकळी फिरणारी गोल रिंग जिथे दांड्यातून जाते तिथे ओठाची कातडी चिमटली जाते, विशेषतः भोक झिजून मोठं झालं की. शिंगरासाठी अंड्याच्या आकाराची किंवा इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी पक्की बसवलेली रिंग बरी. बिट तोंडात स्थिर राहते आणि वळवताना गालाला बाहेरून हलका दाब मिळून दिशा कळते. दोन्ही बाजूंना वर-खाली सरळ दांड्या असलेली फुल चीक बिट वळण शिकवायला उत्तम असते, पण ती जाळीत, दोरात किंवा कुणाच्या शर्टात अडकू शकते. ती लावून घोडा एकटा सोडू नये.

जाडीबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे, जाड बिट म्हणजे मऊ बिट. मोठ्या तोंडाच्या घोड्यापुरता तो काही अंशी खरा आहे. पण आपल्याकडची मारवाडी, काठेवाडी आणि गावठी तट्टं तोंडाने लहान असतात. पुणे, सातारा, सोलापूर भागात धनगरांच्या मेंढरांबरोबर चालणारा भीमथडी घोडा, ज्याची २०२४ साली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, तोही आटोपशीर बांध्याचा. अशा तोंडात वीस मिलिमीटरचा दांडा घातला तर जीभ ठेवायला जागाच उरत नाही आणि ओठ मिटत नाहीत. चौदा ते सोळा मिलिमीटर, रिंगजवळ मोजून, ही शिंगरासाठी सुरक्षित मर्यादा आहे. त्याहून बारीक दांडा कापतो.

लांबी मोजूनच घ्या, अंदाजाने नको. मऊ सुती दोरी बिट बसेल त्या जागी तोंडातून आडवी घ्या, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांबाहेर खूण करा आणि दोरी सरळ करून मोजा. त्यात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर मिळवा. आपल्याकडच्या घोड्यांना बहुतेकदा साडेचार ते पाच इंच पुरते. दुकानात सहज मिळणारी साडेपाच इंची बिट मोठ्या विलायती रक्ताच्या घोड्याची. ती लहान तोंडात इकडून तिकडे सरकते आणि सांधा एका बाजूला जाऊन बसतो.

धातू स्टेनलेस स्टीलच घ्या. निकेलचा मुलामा दिलेली स्वस्त बिट दिसायला तशीच असते, पण मुलामा सुटला की कडा धारदार होतात आणि खाली गंज दिसतो. तांब्याचा मधला तुकडा असेल तर चांगलं. तांब्याच्या चवीने बऱ्याच घोड्यांना लाळ सुटते आणि तोंड ओलं राहतं. भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे इथल्या कारागिराकडून पितळी बिट करून घेण्याची कल्पना कुणालाही सुचेल. मी तसं सुचवणार नाही. पितळ स्टीलपेक्षा मऊ. सांध्यात आणि रिंगच्या भोकात ते झिजतं आणि झिजलेली कड तोंडातच असते. पितळ बकलांना, कपाळपट्ट्याच्या फुलांना, छातीपट्ट्याच्या पदकाला वापरा. तिथे ते शोभतं आणि इथल्या माणसाला कामही मिळतं. डोक्याचा चामडी साज कानपूरचा घेतला तरी चांगला मिळतो. कानपूरच्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकनही आहे. फक्त नवं चामडं आधी तेल लावून मऊ करा, आणि नाकपट्ट्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जातील एवढं सैल ठेवा. तोंड उघडू नये म्हणून नाकपट्टा आवळणं म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबणं.

बिट किती उंच बसवायची? ओठाच्या कोपऱ्याला ती नुसती टेकावी, फार तर एक हलकी सुरकुती पडावी. दोन-तीन सुरकुत्या म्हणजे घोडा सारखा ओढलेल्या लगामातच उभा आहे. फार खाली असेल तर ती समोरच्या दातांवर वाजते आणि शिंगरू तिच्यावर जीभ चढवायला शिकतं. ही खोड लागली की सोडवणं अतिशय कठीण.

पहिल्यांदा घालायची वेळ सकाळची, घोडा खाऊन शांत असताना. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लोखंड बर्फासारखं गार असतं. हातात धरून किंवा कोमट पाण्यात बुडवून ऊब आणा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात टांगलेला लगाम चटका देईल इतका तापतो. तो सावलीत ठेवा आणि घालण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बिटला थोडा गूळ चोळा. डाव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून त्या दात नसलेल्या जागेत घाला, घोडा आपोआप तोंड उघडेल. दातांवर लोखंड आपटून तोंड उघडायला लावू नका. कान दुमडून पट्टा ओढण्यापेक्षा एका बाजूचा गालपट्टा सोडून डोक्यावरून नीट घ्या आणि मग बकल लावा. काढतानाही घोडा स्वतः बिट सोडेपर्यंत थांबा. पहिले काही दिवस दोर न लावता, दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही समोर असताना. तो चावेल, जीभ फिरवेल, डोकं हलवेल, ते चालतं. बिटच्या रिंगला दोर बांधून घोडा खुंटीला कधीही बांधू नका. दचकून मागे ओढला तर जीभ फाटते, जबडा मोडतो. बांधायचं ते मोरकीने, म्हणून लगामाच्या आत मोरकी राहू द्या.

पुढे दोन लांब दोर घेऊन मागून चालवा. धान कापलेल्या कोरड्या बांध्या, धुऱ्याकडेच्या वाटा आणि उन्हाळ्यात वैनगंगेच्या काठची घट्ट वाळू यासाठी चांगली जागा आहे. पाय रुतेल अशी भुसभुशीत वाळू नको. स्वारीची घाई तीन वर्षांच्या आत नको आणि नंतरही हलक्या माणसाची, थोडा वेळ. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पुरी होत नाही. पहिल्या स्वाऱ्यांना एक जोडी दोर मोरकीला आणि एक बिटला ठेवा, आणि थांबवण्यासाठी आधी मोरकीचा दोर वापरा. तोल गेला तर झटका नाकाला बसेल, तोंडाला नाही. घोड्याने ऐकलं त्या क्षणी हात सैल झाला पाहिजे. शिंगरू ताणातून शिकत नाही, ताण सुटण्यातून शिकतं. ज्यांना अजून घोड्यावर स्थिर बसता येत नाही त्यांनी शिंगराच्या तोंडावर शिकू नये. त्यांनी तयार घोड्यावर शिकावं.

तोंड नीट आहे की नाही हे बाहेरून बघून कळत नाही. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं उघडून तपासली तेव्हा ८४ टक्के घोड्यांना बिटच्या जागी ताज्या जखमा आढळल्या. त्यांतल्या मोजक्याच घोड्यांच्या तोंडाबाहेर रक्त दिसलं होतं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ती व्यावसायिक शर्यतीची जनावरं होती, चांगल्या देखरेखीतली. म्हणून आठवड्यातून एकदा ओठ बाजूला करून कोपरे, हिरडी आणि जिभेच्या कडा बघा. लाळेला गुलाबी छटा, डोकं एका बाजूला तिरकं, एकाच बाजूला वळायला नकार, दाणा तोंडातून सांडणं, लगाम दिसताच मान वर, यांतलं काहीही दिसलं तर बिट काढून मोरकीवर या आणि डॉक्टरांना दाखवा. त्याच वेळी खोगीरही तपासा. पाठ दुखणारा घोडा सुद्धा डोकंच झटकतो. आणि सगळं तपासूनही तो बिट स्वीकारत नसेल तर नाकपट्ट्यावरून चालवणारा, तोंडात काहीच नसलेला लगाम हा कमीपणाचा पर्याय नाही. रोज शेताची फेरी मारणाऱ्या घोड्याला तो आयुष्यभर पुरतो. वरातीत फटाके, बँड आणि गर्दी असते. तिथे पाच वर्षांच्या आतलं जनावर नेऊच नका, मग लगाम कोणताही असो.

वापरून झालं की बिट साध्या पाण्याने धुवा, सांध्यात अडकलेला चारा काढा आणि महिन्यातून एकदा बोटाने झीज तपासा. एका घोड्याची बिट दुसऱ्याच्या तोंडात घालू नका. लाळेतून आणि नाकाच्या स्रावातून रोग पसरतात. शिंगरू चार-साडेचार वर्षांचं झालं, सुळे आणि कडेचे दात आले, की तोंड पुन्हा एकदा दाखवा आणि दोरीने पुन्हा मोजा. तोवर तोंडाचा आकार बदललेला असतो आणि अडीच वर्षांचं असताना घेतलेलं माप बहुधा आखूड पडतं.